पत्र्याखालचा जावई

मैदानाच्या पूर्वेकडच्या स्टँडला क्लबच्या कागदांवर एका दिवंगत अध्यक्षांचं नाव होतं, पण माणसं त्याला 'पत्र्याखाली' म्हणत. तिथे खुर्च्या नव्हत्या. सिमेंटच्या पायऱ्या, पुढे लोखंडी कठडा, वर पत्रा, आणि त्याखाली उभं राहून कोचला अक्कल शिकवायची असा परिपाठ.

जावयाचं लग्न ह्याच कठड्यापाशी जमलं. मुलगी तशी आधीच कॉलेजात भेटली होती, पण तिच्या वडिलांनी होकार दिला तो इथे, एका रटाळ बरोबरीच्या मध्यंतरात. "कोचबद्दल काय मत आहे तुमचं?" त्यांनी विचारलं. "बचाव फार मागे ठेवतो," हा म्हणाला. नोकरी, पगार, आईवडील, काही विचारलं नाही. मुलगा विचारी आहे, एवढं त्यांना पुरलं. तेव्हापासून त्याला स्वतःचं नाव उरलं नाही. पत्र्याखाली तो सगळ्यांचाच जावई झाला.

सासऱ्यांना सगळे कप्तान म्हणत. कप्तान जन्मात फुटबॉल खेळले नव्हते. निवृत्तीपर्यंत ते पाणीपुरवठा खात्यात होते आणि खेळाकडेही त्याच नजरेनं पाहत: दाब कुठे कमी पडतोय, गळती कुठून होतेय. त्यांच्या पलीकडे केमिस्ट उभा राही. दुकानात गिऱ्हाइकाला गोळी जेवणाआधी की नंतर, हे तो पुटपुटत सांगे. मैदानात कोचला खेळाडू कधी बदलायचा हे मात्र शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल असं सांगे. दोन्ही ठिकाणी त्याचं कोणी ऐकत नसे.

कोच येत-जात, मतं तीच राहत. आत्ताचा कोच पाच बचावपटू मागे ठेवायचा.

"पाच जण मागे!" केमिस्ट ओरडे. "खेळायला आणलेत की घर राखायला?"

"आणि पुढे एकटा तो बापडा," कप्तान म्हणत. "प्रवासाला निघालेल्यांनी स्टेशनवर सामानापाशी बसवून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखा. मेन लाइनच बंद आहे हो, नळाला पाणी येणार कुठून? काय जावईबापू?"

"बरोबर आहे, बाबा," जावई म्हणे. ते बरोबरही असे.

मग क्लबनं जाहीर केलं, की हे मैदान विकायचं आणि शहराबाहेर बायपासलगत नवं स्टेडियम उभारायचं. पत्र्याखाली आधी सुतक पडलं, मग प्रत्येकाचं मत तयार झालं. तिथे पोचेपर्यंत मध्यंतर होईल, असं एक मत होतं. तेवढाच पहिला हाफ वाचेल, असं दुसरं. खेळाडूंना पगार द्यायला पैसे नाहीत आणि ह्यांना काचेच्या खोल्या हव्यात, हे कप्तानांचं. ह्या सगळ्या काळात जावई नेहमीपेक्षा कमी बोलत होता. त्याचं कारण असं, की ते स्टेडियम तो काढत होता.

एका आर्किटेक्टबाईंच्या ऑफिसात तो ड्राफ्ट्समन होता. काम आपल्याला मिळालंय आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही, ह्या दोन्ही गोष्टी मॅडमनी एका दमात सांगितल्या. "तुमच्यासारखा फुटबॉलवेडा माणूस ऑफिसात आहे, म्हणून तर मी धाडस केलं," असंही म्हणाल्या. त्याला आनंद झाला. घरी तरी सांगावं असं त्यानं ठरवलं. रात्रीच्या जेवणाला कप्तान आलेले होते. पहिल्याच घासाला ते म्हणाले, "हा नकाशा ज्यानं काढला असेल ना, त्याला आपल्या पत्र्याला उलटा टांगला पाहिजे."

जावयानं मीठ मागितलं.

तिथून तो जो अडकला तो अडकलाच. आठवडाभर ऑफिसात पायऱ्या, जिने, मुताऱ्या काढायच्या आणि रविवारी कठड्यापाशी उभं राहून त्या काढणाऱ्याला शिव्या द्यायच्या. शिव्या देण्यात तो मागे पडला असता तर संशय आला असता, म्हणून तो चार जास्तच देई. एकदा केमिस्ट म्हणाला, "जावई, तुझा राग मनापासून असतो बुवा. आमचा वरवरचा." 

त्यात खांब आला. सलग छत खांबांशिवाय पेलायचं तर खर्च फार, म्हणून क्लबनं खांब घालायला सांगितले. स्टँड काढताना एक रीत असते: बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून मैदानाच्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि ती मध्ये कुठे अडते का ते बघायचं. नकाशातला हा माणूस कायम ताठ बसलेला असतो, त्याला टोपी नसते आणि मत नसतं. पूर्वेच्या स्वस्त ब्लॉकात, म्हणजे जिथे पत्र्याखालची मंडळी बसायची होती तिथे, जावयानं त्या माणसाच्या डोळ्यातून रेघ ओढली. ती सातव्या खांबाला जाऊन धडकली. डावीकडचा अख्खा गोल गायब.

तो मॅडमकडे गेला.

"मॅडम, ह्या ब्लॉकातून एक गोल दिसत नाही."

"दुसरा दिसतो ना?"

"दुसरा दिसतो."

"तिकीट किती आहे तिथलं?"

त्यानं सांगितलं.

"मग त्या मानानं पुष्कळ दिसतं," मॅडम म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांनीही क्लबला दोनदा विचारून पाहिलं होतं. "लोक मान वाकडी करतात हो. सवय होते."

सगळ्या रेषा त्याच्या हाताच्या होत्या. खांबही त्याच्या हाताचा. त्यानं बायकोला मात्र सगळं सांगितलं.

ती इस्त्री करत होती. हातातला शर्ट पुरा करूनच बोलली. "बाबांना सांग."

"तू सांग ना. तुझे वडील आहेत."

"मी आमच्या घरातली कुठलीही बातमी सांगेन. घटस्फोटाचीसुद्धा सांगेन. ही नाही सांगणार." तिनं दुसरा शर्ट घेतला. "पण दुसऱ्याकडून कळलं तर काय होईल ते ऐकून ठेव. एका पेनल्टीवरून बाबा माझ्या मामाशी बोलणं टाकून बसले होते. मामा गेला तेव्हा त्याच्या फोटोलाही म्हणाले, पेनल्टी नव्हतीच ती."

"म्हणजे कठड्यापाशी यायचं बंद?"

"कठडा जाऊ दे खड्ड्यात. घरी जेवायला येतील का ते बघ. आई गेल्यापासून त्यांना तूच एक आहेस बोलायला. माझ्याशी ते फक्त तब्येतीवर बोलतात."

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बायकोच्या तोंडून ऐकल्यावर तो खांब उगाचच जास्त जाड वाटायला लागला.

मग नगरपालिकेनं सुनावणी लावली. रविवारी दुपारी, शाळेच्या सभागृहात, ज्याला जे म्हणायचंय त्यानं येऊन म्हणावं. सोमवारी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही स्टेजवर मॉडेलशेजारी उभे राहा. त्यांची भाषा तुम्हाला येते." तो हो म्हणाला. मंगळवारी कप्तानांचा फोन आला. "जावईबापू, आपल्या वतीनं तुम्हीच बोलायचं. नकाशा वाचता येणारा आपल्यात दुसरा कोण आहे?" तो हो म्हणाला. सासरा आणि साहेब, दोघांनाही नाही म्हणायची त्याला कधी सवयच लागली नव्हती. आता एका सभेत त्याला दोन्ही बाजूंनी बोलायचं होतं. रविवारी सकाळी त्यानं ताप मोजून पाहिला. अंग बर्फासारखं.

सभागृहात पत्र्याखालची मंडळी झाडून आली होती. कप्तान पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, मुलगी शेजारी. स्टेजवर काचेखाली स्टेडियमचं मॉडेल होतं. त्यातले प्रेक्षक प्लास्टिकचे होते आणि सगळे समाधानी दिसत होते. जावई दाराशीच थांबून कुठल्या बाजूनं जावं ह्याचा विचार करत होता, तेवढ्यात मॅडमनी स्टेजवरून हात केला. पाय आपोआप पायऱ्या चढले.

"बघा!" कप्तान मागे वळून ओरडले. "आपला माणूस डायरेक्ट वर! ह्याला म्हणतात हल्ला!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. मॅडमना वाटलं, ह्यांचं वजन आहे. त्यांनी माइक त्याच्या हातात दिला.

माइक जड होता. खाली सासरा, मागे साहेब, मध्ये काचेखाली सातवा खांब. पळायला दोनच दारं होती आणि दोन्हींपाशी केमिस्टचे भाऊबंद उभे.

"हे पूर्वेचं छत," तो म्हणाला, "खांबांवर आहे. सातव्या खांबामुळे आपल्या ब्लॉकातून डावा गोल दिसणार नाही."

"शाब्बास!" कप्तान म्हणाले. "कोणाचं डोकं हे?"

"बाबा, हा नकाशा माझ्या हातचा आहे. खांबसुद्धा. वर्षभर मीच काढतोय हे स्टेडियम."

सभागृह असं चिडीचूप झालं, जसं फक्त गोल खाल्ल्यावर होतं. बायकोनं पदराशी खेळणं थांबवलं. कप्तानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि जावयाकडे न बघता मॉडेलकडे बघत विचारलं, "डावा म्हणजे कुठला? दुसऱ्या हाफात आपण ज्याच्यावर हल्ला करतो तो?"

"हो."

"हल्ला?" मागून पत्र्याखालचाच एक बेकरीवाला म्हणाला. "कोण करतं हल्ला?"

कोणीतरी फिसकन हसलं आणि बांध फुटला. ह्या मोसमात त्या बाजूला आपण गोल केलेत किती, असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं सांगितलं. तिसरा म्हणाला, त्यातला एक समोरच्यांनीच स्वतःवर करून घेतलाय. केमिस्ट खुर्चीवर चढला. "पाच जण मागे ठेवल्यावर पुढचा गोल दिसला काय, न दिसला काय!" ह्यावर कोचच्या बाजूचे, म्हणजे दोघे, उठले. मधल्या फळीत माणूस वाढवावा की कडेनं पळवावा, ह्यावरून दोन तट पडले. अध्यक्षस्थानी बसलेले नगरपालिकेचे अधिकारी घंटा बडवत होते. खांबाबद्दल कुणाचं काही म्हणणं आहे का, असं त्यांनी तीनदा विचारलं. कोचबद्दल सगळ्यांचंच होतं.

वर्षभर छातीवर धोंडा घेऊन फिरलेला माणूस स्टेजवर माइक धरून तसाच उभा होता. त्याच्या पापाकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

"समर्थकांशी सविस्तर चर्चा झाली," असं अधिकाऱ्यांनी शेवटी लिहून घेतलं, "आराखड्यास हरकत नाही." मॅडमनी त्याचा हात हातात घेतला. "काय हाताळलंत हो! ह्यापुढे समर्थकांचं सगळं तुमच्याकडे." तिकडून जाता जाता केमिस्टनं पाठीवर थाप मारली. "आता आतला माणूस आहे आपला. आमच्या सगळ्या तक्रारी तुझ्याकडे." एका बाजूनं तरी हाकलतील अशी त्याला आशा होती. दोन्हींनी ठेवून घेतला.

फक्त कप्तान भांडणात नव्हते. सभा संपल्यावर ते गाडीत पुढे येऊन बसले आणि त्यांनी पट्टा लावला. मुलगी मागे बसली. चौकात लाल दिवा होता.

"बाबा, खांबाचं मी मॅडमना सांगितलं होतं," जावई म्हणाला.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही येणं टाकाल असं वाटलं."

कप्तान समोरच्या ट्रकच्या मागच्या बाजूकडे बघत राहिले. "मामाच्या बाबतीत मी चुकलो होतो," ते म्हणाले. "पेनल्टी नव्हतीच, पण मी चुकलो होतो." मग म्हणाले: "त्या खांबाच्या थेट मागे एक जागा असेल."

"आहे."

"ती तुमची."

"हो, बाबा."

"शेजारची माझी. मला दिसेल का गोल?"

"पुढे वाकलात तर दिसेल."

"मी वाकेन. तुम्हाला वाकायची परवानगी नाही. तिकडे काय झालं ते मी सांगेन, आणि मी सांगेन तसंच झालं असं धरायचं. पेनल्टीसुद्धा."

"आणि माझी जागा?" मागून मुलीनं विचारलं.

"तू ह्यांच्या पलीकडे बस. म्हणजे ह्यांना मधूनच उठून जाता येणार नाही."

जावयानं आरशात बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हसत होते.

"किती दिवस, बाबा?" त्यानं विचारलं.

"तुमचं स्टेडियम किती वर्षं टिकणार आहे?"

"साठ धरलीत."

"मग तेवढी," कप्तान म्हणाले. "घ्या गाडी पुढे, हिरवा लागला."