डाव्या हाताचं चित्र

मित्रांनो, आज माझ्याकडे पाहिलंत तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. चित्रं छापण्याचा एक जुना, काळा, सपाट दगड, एवढीच माझी ओळख. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, समुद्राकाठच्या टेकडीवर मी वारा खात पडलो होतो. उल्लुरिआकने मला हेरलं, स्लेजवर बांधून गावात आणलं आणि घासून गुळगुळीत केलं.

त्याची आई तागुर्नाक कागदावर चित्रं काढायची आणि तो ती माझ्या अंगावर कोरायचा. मग शाई, वर पातळ कागद आणि हलक्या हाताने चोळणं. माझ्यावर अस्वलं आली, घुबडं आली, एकदा तर दात विचकणारा वॉलरसही आला. लोक कौतुकाने बघायला यायचे. ठरलेल्या प्रती निघाल्या की मात्र माझ्यावरचं चित्र घासून टाकायचं, असा आमच्याकडचा नियम. मागाहून कुणी आणखी प्रती काढू नयेत म्हणून. प्रती विमानाने दक्षिणेच्या शहरांत विकायला जायच्या आणि मी कोरा व्हायचो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एक घुबड गेलं की दुसरं यायचं.

शेवटचं चित्र तागुर्नाकने स्वतःचं काढलं. सील सोलायला बसलेली बाई आणि तिच्या डाव्या हातात अर्धगोल सुरी. ती पक्की डावखुरी होती. चित्र माझ्यापर्यंत येण्याआधीच ती गेली.

दगडावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलट येतं. उल्लुरिआकला हे झोपेतही ठाऊक होतं. पण त्या दिवसांत त्याचे डोळे सारखे भरून यायचे. चित्राची नक्कल केलेला कागद उलटा करायचा राहिला आणि तो तसाच माझ्यावर चिकटवून तो कोरायला बसला. मला कळलं होतं, मित्रांनो. पण दगडाला कुठलं तोंड? छिन्नी चालत राहिली आणि मी पडून राहिलो.

प्रती निघाल्या आणि मूळ चित्रासकट विमानात चढल्या. डाग पडलेली एक प्रत तेवढी भिंतीवर राहिली होती. तागुर्नाकची बहीण पानिक्पाक आली, तिने ती निरखून पाहिली.

“ही कोण रे बाई?”

“आई आहे, मावशी.”

“हॅ! माझ्या बहिणीने उजव्या हाताने कधी नाकसुद्धा पुसलं नाही, आणि ही सुरी चालवतेय?”

उल्लुरिआकने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भिंतीवर सुरी उजव्या हातात होती, माझ्यावर डाव्या. जशी होती तशी तागुर्नाक आता फक्त माझ्या अंगावर उरली होती, आणि मला घासायचा दिवस आला होता.

“लपवून ठेव दगड,” मावशी म्हणाली.

“सगळ्यांनी मिळून शब्द दिलाय, मावशी. मी एक दगड लपवला तर गावातल्या कुणाच्याच चित्रावर कोण विश्वास ठेवील?”

“मग निदान तिला दाखव तरी!”

तिला म्हणजे उल्लुरिआकच्या तान्ह्या मुलीला. आजी गेल्यावर जन्मलेल्या या पोरीला आजीचं नाव मिळालं होतं, आणि आमच्याकडे नावाबरोबर नातंही येतं. बापच तिला आई म्हणतो.

तिला नीट दिसावं म्हणून त्याने माझ्यावर शेवटची शाई फिरवली आणि तिला माझ्यासमोर धरलं.

“बघून घे, आई. चुकलो मी. रागावू नकोस.”

पोरीने दोन्ही तळहात माझ्यावर आपटले आणि बापाच्या तोंडाला पुसले.

“घ्या!” मावशी खदखदून हसली. “मेली तरी कामात लुडबुड करतेच आहे!” आणि हसता हसता रडायला लागली.

उल्लुरिआकने मला पुसलं, पण स्वतःचं तोंड पुसलं नाही. तसाच घासायला बसला. आधी सील गेला, मग चेहरा, मग सुरी. डावा हात त्याने सगळ्यांत शेवटी घासला. मला थोडं कठीणही होता आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी मुकं असेल. पुसायची वेळ आली तर पुसा, आमचं काही चालत नाही. पण ते ज्याचं आहे, त्याला आधी एकदा हात लावू द्या.