देखणा ठिपका

पहिला अहवाल मीच दिला होता. माझ्या हातचा, माझ्या सहीचा.

माझी भाची सात वर्षांची. भावाच्या शेतात वाफ्यातला पाला उपटला, फ्रॉकला पुसला आणि उभ्या उभ्या खाल्ला. तिसऱ्या दिवशी जुलाब, पाचव्या दिवशी तापानं फणफणली. तिचं रक्त माझ्याच प्रयोगशाळेत आलं. काचेच्या बशीत जंतूंचे ठिपके उमटले, की त्यातला एक उचलायचा, नव्या बशीत पसरायचा, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या. ज्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, ते औषध लागू. बावीस वर्षं हेच करते आहे. मी एक गोल, टपोरा ठिपका उचलला. दोन औषधं लागू निघाली. डॉक्टरीणबाईंनी त्यातलं एक सुरू केलं, आणि लागू पडेल असं मी वहिनीला सांगून टाकलं.

ताप उतरला. भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या हाताला गुण आहे गं."

दोन दिवसांनी ताप पुन्हा चढला, आधीपेक्षा जास्त.

मी धावत जाऊन ती जुनी बशी काढली, भिंगाखाली धरली. टपोऱ्या ठिपक्यांच्या मध्ये बारीक, चपटे, फिकट ठिपके होते. पहिल्या दिवशीही होते. मी ते पाहिले होते आणि मुलगी पसंत करायला गेल्यासारखा देखणा तेवढा उचलला होता!

बारीक ठिपका पसरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. बारा चकत्या. अकरा चकत्यांना जंतू पार चिकटून उगवले होते. बाराव्या चकतीभोवती पुसटसं कडं, तेही आहे म्हटलं तर आहे.

त्याच दिवशीच्या टपालानं मोठ्या प्रयोगशाळेचा कागद आला. शेतातली माती आणि भाचीच्या रक्ताचा नमुना मी पहिल्याच दिवशी तिकडे धाडला होता. एका वाफ्यात एकाच जंतूची सहा घराणी निघाली, प्रत्येकाच्या जनुकांची ठेवण वेगळी. शेजारणीनं वाटीभर साखर न्यावी, तशी ती औषधाला दाद न देण्याची विद्या एकमेकांकडून नेतात. त्यातली दोन घराणी भाचीच्या रक्तात होती.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर भाऊ आणि वहिनी बसले होते.

"कोंबड्यांना पाण्यातून काय देतोस?" मी विचारलं.

"ती जंतू मारायच्या औषधाची पावडर. आजारी पडू नयेत म्हणून."

"आजारी नसताना?"

"ताई, छत्री काय भिजल्यावर घ्यायची?"

"आणि त्यांचं खत?"

"ताजंच वाफ्यात टाकलं. उन्हानं सगळं मरतं, बाबाच म्हणायचे."

"बाबांच्या कोंबड्या नुसते दाणे खायच्या रे, भोपळ्या." लहानपणीचं नाव तोंडातून निघून गेलं. त्यानं मान खाली घातली. दोष त्याच्या पदरात टाकून मला सुटता आलं असतं. देवानं तेवढं करू दिलं नाही.

"पहिला अहवाल अर्धा होता," मी म्हणाले. "दुसरी जात बशीत होती. मी ती उचलली नाही. चार दिवस वाया गेले ते माझ्यामुळे."

भाऊ बघत राहिला. "तू?" एवढंच म्हणाला.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "हे शेवटचं औषध, त्या बाराव्या चकतीचं. मूत्रपिंडाला जड आहे, कदाचित कानांनाही. लागू पडेलच असं नाही. सही लागेल."

भावाचा हात उठेना. वहिनीनं पेन ओढून घेतलं, सही केली आणि माझ्याकडे वळली. "ताई, लागू पडेल म्हणा."

"कसं म्हणू गं?"

"त्या दिवशी कसं म्हणालात? तसंच."

मी नकारार्थी मान हलवली. वहिनीनं डोळे पुसले. "मग आत जा. तिचा हात धरून बसा. मला सुई बघवत नाही."

मी आत गेले. भाचीनं डोळे उघडले. "आत्या, तूच टोचणार?"

"नाही गं राणी. मी नुसती बसणार."

"मग बस." तिनं बोट धरलं. नर्सनं बाटली टांगली. नळीतून पहिला थेंब सुटला, दुसरा सुटला. मी देवाला हाका मारत होते, आणि तिचा हात माझ्या हातात निखाऱ्यासारखा तापलेलाच होता.