अंगठ्याखालचा खळगा

बुरुल घोड्यावरून पडली ती थेट उजव्या तळहातावर. थोरला भाऊ कुबात म्हणाला, "मुरगळलाय नुसता. नाटकं नकोत, घोड्यांच्या कासा दुधाने तटल्यात."

"मग तू काढ ना, बाइके!" भाऊ थोरला, म्हणून रागातही ती त्याला बाइकेच म्हणायची.

पुढे चमचाही धरवेना, तेव्हा कुठे त्याने तिला कुरणातून खाली दवाखान्यात नेलं. एक्स-रे स्वच्छ. "बघ!" कुबात म्हणाला. पण डॉक्टर तुर्सुनाय, ज्यांना सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणत, त्यांनी अंगठ्याखालच्या खळग्यात बोट दाबलं आणि बुरुल अशी किंचाळली की बाहेर बसलेला म्हातारा दचकून उभाच राहिला.

"इथे होडीसारखं छोटं हाड असतं," एजे म्हणाल्या. "त्याची चीर पहिल्या फोटोत लपू शकते. तशीच सोडली तर हाडाला रक्त मिळत नाही, हाड मरतं. मग लगाम धरणं विसर." त्यांनी अंगठ्यासकट प्लास्टर घातलं. "दोन आठवड्यांनी परत फोटो. तोवर काढायचं नाही."

"फोटोत काही नाही आणि म्हणे प्लास्टर!" कुबात वाटभर धुसफुसत राहिला.

वर कुरणात घोड्या बुरुलशिवाय कुणाला कासेला हात लावू देईनात. भुरी नावाच्या घोडीने कुबातच्या मांडीवर लाथ घातली. तो लंगडत तंबूत आला, हातात लोकर कातरायची कात्री. "आण तो हात."

"लावून तर बघ!" बुरुलने डाव्या हाताने सुरी उचलून चामड्याच्या बुधल्याला टेकवली. आजीपासून त्यात घोडीच्या दुधाचं कुमिस आंबत आलेलं. "फाडेन. सगळं पांढरं जमिनीवर जाईल."

कुबातचा चेहरा पडला. पांढरं सांडणं म्हणजे घराला अवकळा. सांडलेला थेंबही तो बोटाने टिपून कपाळाला लावायचा. "वेडी झालीस?"

"हो. टाक कात्री."

त्याने टाकली.

दुसऱ्या फोटोत चीर दिसली, केसाएवढी. कुबात वाकून बघत राहिला. "खरंच मोडलंय की गं," तो हळूच म्हणाला.

बुरुलला वाटलं होतं, आता बरं वाटेल. उलट डोकं आणखी भडकलं. "मी किंचाळले तेव्हा शेजारीच होतास ना? तेव्हा ऐकू नाही आलं?"

 "अजून दोन महिने," नवं प्लास्टर भिजवत एजे म्हणाल्या.

"आणि बाइके," बुरुल म्हणाली, "घोड्या अजून दोन महिने तुझ्याच. भुरीपासून सुरुवात कर."