साहेबांची होडी पुढे

अडुसष्ट सालच्या बोईसरमध्ये कुणी भेटलं की आधी तब्येत विचारायची रीत मागे पडली होती. पहिला प्रश्न एकच, "तुमचं राहणार का?" तारापूरच्या वीज केंद्राचं बांधकाम उरकत आलं होतं. काँक्रीटवाले गेले, वेल्डर चालले होते, आणि केंद्र चालवायला म्हणून थोडीच माणसं ठेवून घेणार होते. बाकीच्यांनी ट्रंका बांधायच्या आणि आपला गाव गाठायचा.

पंढरी बार्शीचा. दाबाचे आणि तापमानाचे काटे बसवणं हे त्याचं काम. हात सफाईदार, डोकं शांत, आणि जीव सगळा कंट्रोल रूममध्ये अडकलेला. जे काटे आपण बसवले त्यांच्यासमोर बसून पाळी करायची, एवढीच त्याची इच्छा. गावी परतावं तर तिथे मोजायला एक विहिरीचा तळ तेवढा होता. माणसं निवडणार होते गुप्ते साहेब. आणि गोची अशी, की गुप्ते साहेबांना होड्यांचा नाद होता.

होड्या म्हणजे माणसं बसतात त्या नव्हेत. चार फूट लांब, शीड माणसाच्या उंचीचं, आणि चालवणारा काठावर. गळ्यात रेडिओचा डबा अडकवायचा, त्याची एरियल वर ओढायची. एका खटक्यानं तिकडे पाण्यात सुकाणू वळायचं, दुसऱ्यानं शीड आवळायचं नाहीतर सैल व्हायचं. मध्ये ना दोरी, ना तार. पंढरीच्या बायकोनं, नर्मदेनं, पहिल्यांदा तो डबा पाहिला तेव्हा विचारलं होतं, "यात गाणी कुठली लागतात?" एक अमेरिकन इंजिनिअर मुदत संपवून घरी जाताना दोन होड्या आणि दोन डबे कॉलनीला देऊन गेला, परवाने काढून क्लब झाला, आणि चिंचणीच्या वाटेवरच्या तळ्यावर दर रविवारी दोघादोघांच्या शर्यती सुरू झाल्या.

शर्यत कसली, पूजाच ती. साहेब जिंकायचे. साहेब बॅडमिंटनमध्ये जिंकायचे, कॅरममध्ये जिंकायचे, आणि तळ्यावरही जिंकायचे. कॉलनीत कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण साहेबांची होडी पुढे ठेवायची हे नव्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळायचं. हेडक्लार्क रामकिसन तर हरल्यावर टाळ्या वाजवायचा. पंढरीची गोष्ट वेगळी. त्याला वारा कळत होता. बार्शीत आयुष्य काढलेल्या, समुद्र प्रथमच पाहिलेल्या माणसाला तो कसा कळायचा, देव जाणे. त्यामुळे त्याला हरायला मेहनत पडायची. दोन हातांच्या फरकानं हरायचं, पण शेवटपर्यंत चुरस ठेवून हरायचं, म्हणजे साहेबांना जिंकल्याचा आनंद मिळतो. या कलेत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

नर्मदा मात्र धुमसायची. पंढरीच्या होडीचं शीड तिनं स्वतः मशीनवर शिवलं होतं, तीनदा उसवून. "बायका मला विचारतात, तुझं शीड वारा धरत नाही का गं? मी काय सांगू? शीड धरतंय, नवरा सोडतोय?"

"अगं, नोकरीचा प्रश्न आहे."

"मग साहेबांचे पाय दाबा जाऊन. माझ्या शीडाची बदनामी कशाला?"

बायकोचं खरं होतं आणि नोकरी जास्त खरी होती.

आता यातली मेख अशी. आदल्या वर्षी मुंबईला सगळ्या क्लबांची अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. बोईसरचे विजेते म्हणून गुप्ते साहेब गेले. तिथल्या लोकांना हे साहेब आहेत हे कुणी सांगितलेलं नव्हतं. साहेब शेवटून पहिले आले. परत आले ते घसा बसल्याचं सांगून आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. आणि पुढच्या रविवारी आमच्या लोकांनी काय करावं? साहेबांचं मन रमावं म्हणून त्यांना आणखी मोठ्या फरकानं जिंकू दिलं. अक्कल गहाण ठेवायची म्हणजे किती ठेवायची!

यंदाची स्पर्धा केळव्याच्या तळ्यावर होती. क्लबातून एकच होडी जायची, आणि निवडीची शर्यत साहेब आणि पंढरी यांच्यात लागली. कंट्रोल रूमची माणसं त्यानंतरच ठरायची होती. रामकिसननं पंढरीला कँटीनच्या मागे गाठलं. "बघ बाबा, आता हुशारी नको. साहेबांची होडी पुढे. तुझं नाव पक्कं."

पंढरीला हे सांगायची गरज नव्हती. तो हरायचं ठरवूनच तळ्यावर आला.

पाण्यात मध्ये लाल रंगवलेला डालडाचा डबा तरंगत ठेवलेला असे. त्याला वळसा घालून परत यायचं, असे दोन फेरे. होडी डब्याला नुसती लागली तरी बाद. डबा नांगरायला आणि अडकलेल्या होड्या सोडवायला चिंचणीचा दामू मांगेला आपली होडकी घेऊन बसलेला असायचा. पंढरीला बघून तो ओरडला, "पंढरीशेट, आज पन हरनार काय? तसं सांगा, मी झोप काढतो."

शिट्टी झाली. साहेबांनी शीड करकचून आवळलं आणि त्यांची होडी निघाली. पंढरी पहिला फेरा शिस्तीत मागे राहिला. दुसऱ्या फेऱ्यात डब्याकडे जाताना त्याला वाटलं, आता जरा जास्त मागे पडावं, म्हणून त्यानं शीड पार सैल सोडलं. समोरून वारा असताना शीड सोडलं की होडी उभी राहते, पोर पण सांगेल. पण नेमका त्याच घटकेला जमिनीवरचा वारा मेला. पाणी आरशासारखं झालं. आणि मग समुद्राकडून, होडीच्या पाठीमागून, दिवसाचा खारा वारा आला. मागून वारा आला की शीड सैलच हवं. नर्मदेचं शीड भरलं, टम्म फुगलं, आणि होडी अशी सुटली की बघता बघता साहेबांच्या पुढे गेली. साहेबांचं शीड आवळलेलंच. त्यांची होडी जागच्या जागी कलंडत, कुरकुरत राहिली.

काठावर रामकिसनचा हात टाळीसाठी उचललेला होता तो तसाच राहिला.

पंढरीची होडी पाच हात पुढे होती आणि थांबवायची कशी ते सुचेना. मग समोर डालडाचा डबा दिसला. लागली की बाद. त्यानं खटका दाबला, सुकाणू वळलं, होडीचं नाक डब्यावर रोखलं गेलं. आता सुटलो, असं त्याला वाटलं.

शेजारी उभे असलेले गुप्ते साहेब पाण्यावरची नजर न काढता हळूच म्हणाले, "पंढरी, डब्याला लावू नका."

पंढरीचं बोट खटक्यावर थिजलं.

"लावलीत, तर उद्यापासून मला तोंड दाखवू नका."

पंढरीनं उलटा खटका दाबला. होडी डब्याच्या अंगाला जवळजवळ घासून वळली, त्यानं शीड आवळलं आणि ती वारा न सांडता परत आली. पंढरी जिंकला. टाळी एकट्या दामूनं वाजवली, तीही वल्ह्यानं होडकीवर.

साहेब डबा गळ्यातून काढून तडक निघून गेले. ती रात्र पंढरीनं कशी काढली हे नर्मदेला विचारावं. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं आलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"बसा," साहेब म्हणाले. "किती दिवस हरताय मुद्दाम?"

पंढरी खुर्चीच्या कडेला टेकला.

"मुंबईला माझी काय अवस्था झाली, ठाऊक आहे? मला वाटत होतं, मला होडी चालवता येते. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी अशी समजूत करून दिलीत. तिथे शाळकरी मुलं मला मागे टाकून जात होती." साहेबांचा आवाज चढला. "आणि मला सांगा, उद्या पॅनेलवर काटा चढला, आणि साहेबांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही तो उतरलाय असं सांगितलंत, तर?"

"नाही साहेब! काट्याचं मी कधी..."

"मला काय माहीत? तळ्यावर तर खोटं सांगताच ना." साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "केळव्याला तुम्ही जा. पण आजपासून रोज संध्याकाळी माझ्याशी शर्यत लावायची. जीव तोडून. एकदा जरी मला जाणवलं की तुम्ही हात आखडता घेतलात, तर कंट्रोल रूम विसरा. माणसं मी केळव्यानंतर ठरवीन."

झालं. आजवर न हरण्याची भीती होती, आता हरण्याची भीती सुरू झाली. पंढरी रोज संध्याकाळी साहेबांना हरवू लागला. आधी घाबरत घाबरत, मग जरा बरं वाटून, आणि मग खरं सांगायचं तर चेव येऊन. साहेब चिडायचे, चुका विचारायचे, पुन्हा लावायचे. दामूला उशिरापर्यंत बसावं लागे. तो म्हणायचा, "आता होरी होरीसारकी चालते हाय." रामकिसननं पंढरीशी बोलणं टाकलं. ज्याच्यावर साहेबांची खप्पामर्जी व्हायचीय त्याच्याशी कशाला बोला?

केळव्याला मुंबई-पुण्याचे लोक चकचकीत होड्या घेऊन आले होते. पंढरी तिसरा आला. दोघं त्याच्यापेक्षा खरोखर चांगले होते आणि त्यांच्याकडून हरताना त्याला चक्क मजा वाटली. नर्मदा नारळीच्या सावलीत बसून शेजारच्या बाईला "ते शीड आमच्या घरचं" असं सांगत होती. गुप्ते साहेब काठावरून लहान पोरासारखे ओरडत होते. परतताना त्यांनी सगळ्यांना शहाळी पाजली. पण नोकरीबद्दल शब्द काढला नाही, आणि पंढरीची विचारायची हिंमत झाली नाही.

नावं वर कळवायच्या आदल्या संध्याकाळी साहेब म्हणाले, "चला, लावू."

पंढरीनं खरंच जीव तोडला. पहिल्या फेऱ्यात पुढे, दुसऱ्यातही पुढे. शेवटी काठाकाठानं ताडांच्या बाजूला जास्त वारा मिळेल असा त्याचा हिशेब होता. साहेबांनी आपली होडी मधोमध ठेवली. ताडांपाशी वारा नव्हताच. पंढरीचं शीड फडफडलं आणि लोंबलं. मधोमध मात्र पाण्यावर काळसर पट्टा उमटला, साहेबांनी तो बरोबर पाहिला, शीड हवं तेवढंच सोडलं, आणि त्यांची होडी हातभर फरकानं पुढे निघून गेली.

साहेब जिंकले. आणि इतके दिवस रोज जिंकायची चटक लागलेला पंढरी डबा हातात धरून मोठ्यानं ओरडला, "च्यायला साहेबा! कुठून आणलास रे हा वारा!"

पंढरीला आपण काय बोललो ते ऐकू आलं. एक तर हरलो, म्हणजे मुद्दाम हरलो असंच यांना वाटणार. वर आणि शिवी. आता बार्शी.

साहेब वळले. "काय म्हणालात?"

"साहेब, मी... साहेब, आईशपथ, मी सोडली नाही हो. ताडाकडे वारा असेल असं वाटलं. चुकलं माझं. पण सोडली नाही." त्याचे डोळे भरून आले.

गुप्ते साहेबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसता हसता खाली गवतावर बसले, चष्मा काढून डोळे पुसले. "इतकी वर्षं जिंकतोय मी, पंढरी. कॅरम, बॅडमिंटन, सगळं. पण मी जिंकल्यावर मला आजवर कुणी शिवी दिली नव्हती."

"चुकून गेली साहेब."

"चुकून गेली म्हणूनच खरी." साहेबांनी चष्मा परत लावला. "हे आज मी जिंकलोय. माझ्या हातानं. तुमच्या शिवीशिवाय मला हे कधी पटलं नसतं." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुमचं नाव जातंय उद्या. पॅनेलची पहिली पाळी तुमची. तिथेही काटा वाईट दिसला की असंच ओरडायचं. शिवी नसली तरी चालेल."

पंढरीच्या छातीवर दोन वर्षं बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि तो मटकन साहेबांच्या शेजारी गवतावर बसला. साहेबांशेजारी बसलोय हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. समोर दोन्ही होड्या सुकाणू मोकळं सोडल्यानं पाण्यात एकमेकींभोवती फिरत होत्या आणि दामू त्यांना गोळा करायला निघाला होता.

"राहू दे रे दामू," साहेब ओरडले. "अजून उजेड आहे. पंढरी, आणखी एक लावायची?"

पंढरीनं बाहीनं डोळे पुसले आणि डबा गळ्यात अडकवला.

"लावू की," तो म्हणाला. "पण आता बघा तुम्ही."