मध्यरेषा

बाबांच्या तेराव्याला आमचं स्वयंपाकघर कबड्डी स्टेडियमचं चार नंबरचं गेट झालं. पंगत तिकीट खिडकीपाशी मांडली.

संघाची बस चौकात इंजिन चालू ठेवून उभी असते. टपावर बॅगा बांधलेल्या. बसने रेस दिली की संघ आपलं शहर सोडणार असं समजायचं. मग संघ थांबावा म्हणून महापालिका स्टेडियमसाठी कुणाच्या तरी घरातली एक खोली देते.

"माझं देवघर गेलं," शेजारच्या मालूमावशी जेवता जेवता म्हणाल्या. "देव व्हीआयपी कक्षात. एसीत बसलेत मेले. मला पास नाही."

आमच्याकडे उरली होती बाबांची खोली. एकतीस वर्षं बाबांनी या मैदानावर फक्कीने रेषा आखल्या. ते गेल्यापासून मी त्या खोलीची खिडकी उघडली नव्हती.

महापालिकेचे धायगुडे फाईल घेऊन आले.

"ताई, एवढी द्या. पलीकडचं शहर संघाला अख्खी नदी देतंय."

"खोलीत बाबा आहेत."

"ते गेले ना?"

"गेले. पण खोलीतून नाही."

त्यांनी लिहून घेतलं. "बसलेले की आडवे?"

"आडवे."

चौकात रेस वाढली. खोली लांबत गेली, भिंती गॅलऱ्यांच्या मागे पोचल्या. खाट मैदानाच्या कडेला तशीच राहिली. बाबा खोकले, तो आवाज सगळ्या लाउडस्पीकरमधून आला.

"मध्यरेषा कुणालाच जमत नाहीये," धायगुडे म्हणाले. "तुम्ही आखा. सरळ आली तर खाट हलवणार नाही. शब्द देतो."

बाबांची पद्धत मला ठाऊक होती. मध्यरेषा सगळ्यांत शेवटी, आणि उलट चालत आखायची. ताज्या रेषेवर आपलाच पाय पडत नाही. मी फक्कीचा डबा घेतला, खाटेच्या पायापासून सुरुवात केली आणि मागे मागे सरकत राहिले. नजर खाटेवर. रेषा सरळ येत होती. खाट लहान होत होती. मैदानाची दुसरी कड येईना. पाठीला इंजिनाची ऊब लागली.

मग टाचेला पायरी लागली.

"चढा ताई," ड्रायव्हर म्हणाला. "निघालो आपण."

"खोली दिली ना तुम्हाला?"

"दिली की. छान आहे. आता नदी बघून येऊ."

मला मागे वळता येत नव्हतं; रेषा वाकडी झाली असती. मी पायरी चढले. बस सुटली. उघड्या दारातून फक्की रस्त्यावर पडत राहिली, सरळ, आणि खूप लांब, तिच्या दुसऱ्या टोकाला, बाबा कुशीवर वळले.