तीन सह्या

कवळ्या बनवणारी ती बाई नगरसेविका होऊन दीड वर्ष झालं होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसायची, साच्यात प्लास्टर ओतायची, मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायची. त्याच वेळी टेबलावरचा फोन थरथरत असायचा. कुणाच्या गल्लीत दिवे नाहीत, कुणाचं गटार तुंबलंय, कुणाला शेजाऱ्याच्या कुत्र्याचा बंदोबस्त हवाय. हात भरलेले असले की ती कोपरानं स्पीकर लावायची.

"बाई, एक दिवस खालचे दात वरच्या कवळीत बसवाल," डॉक्टर म्हणायचे. हसून म्हणायचे, पण म्हणायचे.

त्या मंगळवारी फोन आला तो निवृत्त मास्तरांचा. तेही नगरसेवकच.

"उद्या साडेअकराला येताय ना सभेला?"

"कसली सभा?"

"अहो, कसली म्हणजे? मागच्या दोन्हींना तुम्ही नव्हता. सलग तिसरी चुकली की पद गेलं. नियम आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या दोन सभा? तिला कुणी कळवलंच नव्हतं! नगराध्यक्षांचं हे काम, तिला शंकाच उरली नाही. त्यांच्या मेव्हण्याला मिळालेल्या रस्त्याच्या कामात खडी कुठे गेली, असं तिनं भर सभेत विचारलं होतं. त्या दिवसापासून ते तिच्याशी फार गोड बोलायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी एका आजोबांची अर्धी झालेली कवळी तशीच ठेवून ती निघाली. "आजोबा दोनला येणार आहेत," डॉक्टर म्हणाले. "बिनदाताचेच परत पाठवू का?" अंगावरचा एप्रन काढायचंही तिला सुचलं नाही.

सभागृहात तिच्यासकट पंधरा नगरसेवक होते. चहा फिरत होता. ती खुर्चीत बसलीसुद्धा नाही.

"अध्यक्ष, मला दोन सभांची नोटीस दिली नाही. या सभेचीही नाही. मला काढायचंय तर समोरून काढा. ही चोरी आहे, आणि तुम्ही खोटारडे आहात!"

कुणीतरी कप खाली ठेवला. अध्यक्षांनी आवाज चढवला नाही. त्यांनी शिपायाला नोटिसांची पोचवही आणायला सांगितली आणि ती तिच्यापुढे उघडून ठेवली. तीन तारखा, तिच्या घरचा पत्ता, आणि तिन्हींपुढे तीच सही. लांब शेपटीची. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर असते ती. तिच्या नवऱ्याची.

"घरातलं घरात मिटवा, ताई," अध्यक्ष म्हणाले. "झेपत नसेल तर राजीनाम्यात कमीपणा नाही. पोरंबाळं, संसार, आम्ही समजू शकतो."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं क्षणभर तिला वाटलं. पण धरणी काही दुभंगली नाही, म्हणून ती खुर्ची ओढून बसली.

"तुमची माफी मागते," ती म्हणाली. "आणि एक ठराव मांडते. सभा संध्याकाळी साडेसहाला घ्या. इथे बसलेल्यांपैकी दिवसा कुणाच्या हाताखाली नोकरी करतो असा कोण आहे? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. दुकानवाल्यांची दुकानं त्यांची मुलं सांभाळत होती, ठेकेदारांना मुकादम होते, बाकीचे निवृत्त. ठराव सात विरुद्ध आठ मतांनी पडला. आठवं मत मास्तरांचं.

"संध्याकाळी माझं फिरणं असतं हो," बाहेर जिन्यात ते म्हणाले. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी कठड्याला हात लावला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा नवरा कांदा चिरत होता. लेक जेवणाच्या टेबलावर नकाशा रंगवत बसली होती.

"तीन वेळा सही केलीस," ती म्हणाली.

त्यानं सुरी थांबवली. नाकारलं नाही.

"कागद कुठायत?"

"रद्दीत दिले."

"का?"

"राजीनामा दे म्हटलं असतं तर दिला असतास? वाटलं, तीन सभा चुकल्या की आपोआप सुटशील. कुणी बोट दाखवणार नाही. हिला एकशेतीन ताप होता तेव्हा तू पाइप फुटला म्हणून चौकात उभी होतीस. माझ्या आईला दवाखान्यातून मी एकट्यानं आणलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस तू, आणि आम्ही इथे वाट बघत बसतो."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच तिचा संताप आणखी वाढला.

"मग भांडायचं होतंस! ताटं आपटायची होतीस! तू रोज मला विचारत होतास, दमलीस का, पाणी देऊ का. आणि पाठीमागे हे! पंधरा माणसांत मी त्यांना खोटारडे म्हणाले. खोटारडा घरी बसून कांदा चिरत होता."

"आई," लेक म्हणाली. तिची पेन्सिल हातातच राहिली होती. "मला माहीत होतं. शिपाईकाका आले तेव्हा मीच दार उघडलं. बाबा म्हणाले, आईला सांगू नकोस, तिच्या भल्यासाठीच आहे."

ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"माझ्याशी जे केलंस ते केलंस. पण बारा वर्षांच्या पोरीला आईपासून लपवायला शिकवलंस. तिचं तोंड बघ. किती दिवस ही माझ्याशी नीट बोलत नव्हती, आणि मी समजत होते, वयच तसं आहे."

नवरा स्टुलावर बसला. त्यानं तोंड झाकून घेतलं. ती लेकीजवळ गेली, तिचं डोकं पोटाशी धरलं. त्याच्याकडे मात्र गेली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी तिनं नगरपालिकेत अर्ज दिला: यापुढे माझं टपाल दवाखान्याच्या पत्त्यावर द्यावं. डॉक्टरांशीही बोलली. महिन्यातून एक सकाळ सुट्टी, बदल्यात दोन रविवार काम. आजोबांची कवळी तिनं स्वतः घरी नेऊन बसवली आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्या निदान तोंडावर होत्या.

घरात मात्र दोघं कामापुरतं बोलत. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यानं विचारलं, "अजून रागावली आहेस?"

"हो."

"किती दिवस?"

"ते मलाही माहीत नाही." तिनं उशीचा अभ्रा झटकला. "उद्या सकाळी सात वाजता त्या मेव्हण्याच्या रस्त्याची तपासणी आहे. मला जायचंय. लेकीला शाळेत सोडशील?"

"सोडतो."

"आणि जमणार नसेल, तर आत्ता सांग. तोंडावर सांग."

त्यानं हातातल्या टॉवेलची घडी घालून ठेवली.

"जमेल," तो म्हणाला. "पण संध्याकाळचं जेवण तू कर. मी दमलोय. खरंच दमलोय."

"बरं," ती म्हणाली, आणि उरलेले कपडे पुढे ओढून घेतले.