नाकु चालु

दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय मला चैन पडत न्हाई. आमचे हे त्यावरून टोमणे मारतात. मारोत बापडे.

मी मंजुश्री, लातूरची. बालवाडी शिक्षिकेचा ऑनलाइन कोर्स करून राहिले. मॅडमनी तिघा-तिघांचे ग्रुप पाडले. माझ्या ग्रुपात देगलूरचा प्रेम आणि बिलोलीकडची सिद्धम्मा. सिद्धम्माचं माहेर तेलंगणातलं, लग्नाला दीड वर्ष झालेलं, मराठी अजून अडखळतच. कोर्स पास झाली की गावच्या बालवाडीत तिला घेणार होते. परीक्षा एकच, कॅमेऱ्यासमोर पाच मिनिटं मराठीत गोष्ट सांगायची.

सरावाला तिनं सशाची गोष्ट घेतली. पण तोंडात सासू बसलेली. सासू टुणकन उडी मारून बिळात शिरली, म्हणाली. सगळा वर्ग हसला, मी तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तिचा कॅमेरा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तिचा मेसेज आला, ‘नाकु चालु.’ अगं बाई, सर्दी झाली वाटतं! मी लिहिलं, ओव्याची वाफ घे. दोन दिवसांनी पुन्हा ‘नाकु चालु.’ मी सुंठीचा काढा कळवला. आठवडा झाला तरी नाक आपलं चालूच, आणि बाई वर्गाला गायब. ही असली कसली सर्दी? मला काही राहवेना. प्रेमला फोन लावला. त्याचं फोटोचं दुकान, लग्नसराईत मेसेज बघायला त्याला फुरसत न्हाई. त्याच्या गावात तेलुगू रोज कानावर पडते. मेसेज वाचून तो म्हणाला,

“ताई, नाकु म्हणजे मला. चालु म्हणजे पुरे. ती कोर्स सोडून राहिली.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पोरगी आठ दिवस पुरे, पुरे म्हणतेय आणि मी तिला काढे पाजतेय.

लगेच तिला फोन केला, हसल्याबद्दल माफी मागितली. ती नुसतं हं म्हणाली. मग मी म्हटलं, तीच गोष्ट मला तेलुगूत शिकव. सशाला ते कुंदेलु म्हणतात. माझ्या तोंडून दरवेळी कुंडलीच यायची. कुंडली उडी मारून बिळात शिरली म्हटल्यावर ती जी हसत सुटली, की मला लई बरं वाटलं. त्या दिवसापासून रोज दुपारी दहा मिनिटं माझी तेलुगू, दहा मिनिटं तिची मराठी. कॅमेरा मात्र ती लावायची न्हाई.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गोष्ट संपली. ससा ससाच राहिला. मी विचारलं, उद्याचं काय मग?

“चालु,” ती म्हणाली.



“कोणतं चालु गं? तुमचं का आमचं?”

 मग पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचा कॅमेरा लागला.

“लातूरचं, अक्का.”